वणीहून नागपूरला पाठवलेले कॅल्मोड्युलिन : एका आयटीसी सेवेचा अनुभव

वणी तालुक्यातील आमच्या महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी फ्रिज, सेंट्रीफ्यूज आणि एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढीच सामग्री आहे. प्रथिनांच्या जोडणीतील उष्णता मोजणारे यंत्र घेण्याची आमची ऐपत नाही, आणि कोणी दिले तरी मे महिन्यातील ४५ अंशांचे ऊन आणि दिवसातून दोन-तीनदा जाणारी वीज यांत ते नीट चालले नसते. म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही नागपुरातील एका संस्थेची सशुल्क आयटीसी सेवा, म्हणजे समतापी अनुमापन उष्णतामापनाची सेवा, दोनदा घेतली. यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या बाईंमुळे मी ही सेवा पुन्हा घेईन. अहवालाच्या मांडणीबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे.

विषय होता कॅल्मोड्युलिन. विश्रांत पेशीत मुक्त कॅल्शियमचे प्रमाण साधारण १०० नॅनोमोलर असते आणि संदेश आला की ते दहापट, एक मायक्रोमोलरच्या आसपास जाते. ही वाढ ओळखून चार कॅल्शियम आयन धरणारे आणि मग दुसऱ्या प्रथिनांना जाऊन बिलगणारे हे १४८ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे. त्याची निवड करण्यामागे आमची अडचणही होती. ते ९० अंशांच्या उष्णतेतही टिकते, त्यामुळे खाटकाकडून सकाळी आणलेला बोकडाचा भेजा वाटून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात काही मिनिटे धरून, गोठलेली इतर प्रथिने गाळून टाकता येतात. उरलेला द्रव कॅल्शियमसह फिनाइल स्तंभावरून, म्हणजे पाणी टाळणाऱ्या फिनाइल गटांच्या कणांनी भरलेल्या नळीतून, नेला की कॅल्मोड्युलिन तिथे अडकते आणि कॅल्शियम पकडून ठेवणारा ईडीटीए घातल्यावर सुटून खाली येते. आमच्या विद्यार्थिनींनी हे काम दिवाळीच्या सुट्टीत केले, आणि प्रथिनाची शुद्धता तपासायच्या जेलवर एकच स्वच्छ पट्टा दिसला त्या संध्याकाळी कोणाचाही पाय घराकडे वळत नव्हता.

आयटीसीचे तत्त्व साधे आहे. एका कोठडीत प्रथिन, शेजारच्या कोठडीत पाणी, आणि दोन्हींचे तापमान सारखे ठेवण्यासाठी लागणाऱ्या विजेची क्षणाक्षणाला नोंद. वरच्या सिरिंजमधून दोन-दोन मायक्रोलिटरचे थेंब पडतात आणि प्रत्येक थेंबागणिक आलेखावर एक शिखर उमटते. २०० मायक्रोमोलर पेप्टाइडच्या (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याच्या) अशा एका थेंबात ०.४ नॅनोमोल पदार्थ असतो. मोलमागे १० किलोकॅलरी उष्णता सुटत असेल, तर त्या थेंबाची उष्णता ४ मायक्रोकॅलरी भरते, म्हणजे एक ग्रॅम पाणी अंशाच्या चार दशलक्षांश भागाने तापेल एवढी. इतकी सूक्ष्म उष्णता मोजून एकाच प्रयोगात जोडणीची ताकद, एन्थाल्पी (जोडणीची मोलमागे उष्णता) आणि किती रेणूंस किती रेणू जुळतात हे तिन्ही कळते, आणि त्यांतून एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंच्या अव्यवस्थेतील बदल, काढता येते. प्रथिनाला रंग लावावा लागत नाही, कशावर चिकटवावे लागत नाही.

पहिला प्रयोग कॅल्शियमरहित कॅल्मोड्युलिनमध्ये कॅल्शियम सोडण्याचा होता. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये नळ्या रोवून आमची विद्यार्थिनी पहाटेच्या एसटीने वरोरा, जाम मार्गे नागपूरला गेली. दुपारी तिने त्या बाईंशी माझे फोनवर बोलणे करून दिले. त्या म्हणाल्या, "सर, सुरुवातीची ही शिखरे कॅल्मोड्युलिनची नाहीत, ईडीटीएची आहेत. यंत्र ठीक आहे ना, हे पाहायला आम्ही ईडीटीएमध्ये कॅल्शियम सोडूनच तपासतो, त्यामुळे हा आकार माझ्या डोळ्यांत बसलेला आहे." त्यांचे बरोबर होते. पहिली चार शिखरे एकसारखी मोठी, मग अचानक दुसऱ्याच आकाराची, आणि कॅल्शियमची संख्या चारऐवजी सहाच्या पुढे. स्तंभावरून प्रथिन सोडवताना वापरलेला ईडीटीए आमच्या एका रात्रीच्या डायलिसिसने (सच्छिद्र पडद्यातून छोटे रेणू धुऊन काढण्याने) पुरता निघालेला नव्हता, आणि तो कॅल्मोड्युलिनच्या आधी कॅल्शियम गिळत होता. चूक सर्वस्वी आमची होती. दुसऱ्या कोणी संगणकाने जुळवलेली वक्ररेषा छापून हातात ठेवली असती आणि आम्ही ती प्रकल्पात लावली असती. या बाईंनी उरलेला नमुना वाया न घालवता परत पाठवला आणि दुसऱ्या धावेचे शुल्क घेतले नाही.

तरीही नमुना स्वीकारण्याच्या अर्जावर याबद्दल एक ओळही नाही, ही उणीव आहे. नमुन्यात कोणते पदार्थ उरलेले असू शकतात, प्रथिन आणि पेप्टाइड एकाच बाटलीतील बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, आहेत का, हे अर्जातच विचारायला हवे. विकत घेतलेल्या पेप्टाइडसोबत बहुधा ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल येते आणि ते सामू खाली ओढते; दोन द्रवांच्या सामूत थोडा फरक असला तरी जोडणीच्या उष्णतेवर मिसळण्याची उष्णता स्वार होते. फॉस्फेटचा बफर चालत नाही, कारण कॅल्शियमसह साका बसतो. ट्रिस हा नेहमीचा बफरही आम्ही सोडला. प्रोटॉन धरताना-सोडताना त्याची स्वतःचीच मोलमागे ११ किलोकॅलरींहून जास्त उष्णता असते. दुसऱ्या खेपेला आम्ही मीठ काढणाऱ्या स्तंभानंतर दोनदा हेपेस बफरमध्ये डायलिसिस केले, काचेऐवजी प्लॅस्टिकची भांडी वापरली, कारण काचेतूनही कॅल्शियम उतरते, आणि डायलिसिसचाच बफर बाटलीत भरून नमुन्यासोबत पाठवला. या वेळी कॅल्शियमची संख्या चारच्या अगदी जवळ आली.

त्याच खेपेला कॅल्शियमने भरलेल्या कॅल्मोड्युलिनमध्ये मायोसिन लाइट चेन कायनेज या कॅल्मोड्युलिन बिलगणाऱ्या विकराचे पेप्टाइड सोडले. माझी मुख्य तक्रार या अहवालाबद्दल आहे. या दोघांची जोडणी नॅनोमोलर दर्जाची, फार घट्ट असते. कोठडीतील प्रथिनाची संहती, जोडणी स्थिरांक आणि जोडणीच्या जागांची संख्या यांचा गुणाकार साधारण १० ते ५०० च्या दरम्यान असला तरच वक्राचा उतार वाचता येतो. हा नियम वाइझमन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडला. आमच्या २० मायक्रोमोलर प्रथिनासाठी तो गुणाकार हजारोंच्या घरात जातो आणि वक्र सरळ पायरीसारखा पडतो. अशा आलेखातून एन्थाल्पी आणि एकास एक हे प्रमाण विश्वासाने मिळते, ताकदीचा आकडा मिळत नाही. बाईंनी हे मला तोंडी सांगितले होते, पण छापील अहवालात तो आकडा दोन दशांशांपर्यंत होता आणि त्याखाली कोणतीही टीप नव्हती. २५ अंशांना ताकदीत दहापट चूक म्हणजे मुक्त ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरींची चूक, आणि एन्ट्रॉपी वजाबाकीने काढतात, म्हणून ती सगळी चूक तिच्या माथी जाते. विद्यार्थ्याला हा आकडा खराच वाटणार. कच्ची शिखरेही अहवालात नव्हती. मागितल्यावर आठ दिवसांनी ती ईमेलने आली.

शुल्क आमच्यासारख्या महाविद्यालयाला जड आहे, पण एका प्रयोगाला सुमारे ३०० मायक्रोलिटर द्रव, म्हणजे आमच्या संहतीला जेमतेम ०.१ मिलिग्रॅम प्रथिन लागते, हे लक्षात घेता मी ते वाजवी समजतो. नमुना मार्चनंतर पाठवू नये. एसटीत बर्फ जामपर्यंतच पाणी होतो. आम्ही पुढची वेळ डिसेंबरची घेतली आहे. त्या वेळी कॅल्मोड्युलिनवर आधी एक सैल जोडणारे पेप्टाइड बसवून मग घट्ट पेप्टाइडने ते हटवायचे आहे, म्हणजे हुकलेला ताकदीचा आकडा हाती येईल. ही पद्धत बाईंनीच सुचवली, आणि सैल पेप्टाइडची आधी वेगळी धाव घ्यावी लागेल हेही त्यांनी पहिल्याच फोनवर सांगून ठेवले आहे.