सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग: ८ महिने आणि २६ सत्रांनंतर

नेमकं काय घडलं ते आठवत नाही, पण शरीर सतत सावध असतं. कडी वाजली की काळजात धस्स होतं, मागून कुणी हात लावला की मान आखडते, पहाटे ३ला छाती धडधडून जाग येते. अशा त्रासासाठी सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग, म्हणजे शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष देऊन आघाताचा त्रास हलका करू पाहणारा उपचार, घ्यायचा विचार असेल, तर हे वाचा. आमची पहिली १५ सत्रं दर आठवड्याला, पुढची साधारण पंधरवड्याला, प्रत्येकी ५० ते ६० मिनिटांची.

ही पद्धत अमेरिकेत पीटर लेव्हाइन यांनी १९७०च्या दशकापासून घडवली. आठवण हाताशी नसली तरी तिचं काम अडत नाही. वयाच्या साधारण ३ वर्षांच्या आतलं बहुतेकांना काहीच आठवत नाही, तरी तेव्हा अंगवळणी पडलेलं दचकणं किंवा थिजणं टिकू शकतं. उपचार या अंगवळणी पडलेल्या गोष्टींवर होतो.

सत्रात डोळे उघडे ठेवायचे. सुरुवातीची ५-१० मिनिटं खोलीभर सावकाश नजर फिरवायची: आधी डोळे, मागून मान. खिडकीची चौकट, पंखा, दाराची मूठ. मग बूड खुर्चीवर कुठे टेकलंय, तळव्यांना फरशी कशी लागतेय, हे बघायचं. त्यानंतर शरीरात निदान बरी वाटणारी एक जागा शोधायची. पोट किंवा छाती सहसा कामाची नसते. तळहात, मांड्या, कधी नाकाचं टोकसुद्धा चालतं. ही जागा पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमच्याकडे पहिली ४ सत्रं यातच गेली आणि ती वाया गेली नाहीत.

मग त्रासाची जागा, तीही फक्त काठावरून. समजा घशात आवंढा अडकलाय. थेरपिस्ट विचारते: केवढा आहे, सुपारीएवढा की लिंबाएवढा? मधोमध की डावीकडे? गार की गरम? १५-२० सेकंद झाली की लक्ष परत तळहातांवर. पुन्हा घसा, पुन्हा तळहात. या हेलकाव्याला पेंड्युलेशन म्हणतात आणि थेंबाथेंबानं घेण्याला टायट्रेशन. तिसऱ्या-चौथ्या फेरीला आपसूक आवंढा गिळला जातो, पोटात गुडगुडतं, जांभई येते, किंवा दुःख नसतानाच डोळे पाणावतात. इथे २-३ मिनिटं कुणीही काही बोलायचं नाही. घाईनं ‘काय आठवलं?’ असं विचारलं की लक्ष डोक्यात जातं आणि सुटत आलेलं पुन्हा आवळतं.

सत्र मराठीत घ्या, हे अगदी मनापासून सांगतो. ‘अँक्शस वाटतंय’ म्हटलं की थेरपिस्टच्या हाती काही लागत नाही. पोटात गोळा, हातापायांना मुंग्या, अंगावर काटा, छातीवर दडपण, जीव भांड्यात पडणं, या प्रत्येकात जागा किंवा हालचाल आहे. ‘कसंतरी होतंय’ मात्र टाळा.

बिघडतं ते बहुधा मात्रेमुळे. अंग थरथरलं म्हणजे काम झालं, असा समज पसरलाय आणि काही जण मुद्दाम थरथर उकरून काढतात. सावकाश येऊन आपोआप शमणारी थरथर ठीक. वाढत जाणारी, नजर गोठवणारी थरथर म्हणजे जास्त झालं. दीर्घ श्वासाचंही तसंच. घाबरलेल्या माणसानं जोरजोरात खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर, मुंग्या सुरू होतात आणि भीती दुणावते. आवाज लांबून येऊ लागले, हात आपले वाटेनासे झाले, की लगेच थांबा. उभं राहून दोन्ही तळव्यांनी भिंत १० सेकंद रेटा, समोरच्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. सत्रानंतर निदान अर्धा तास दुचाकी चालवू नका. झोप २-३ रात्रींहून जास्त बिघडली तर थेरपिस्टला कळवा आणि पुढच्या वेळी मात्रा निम्मी करा.

सगळ्यात मोठा धोका आठवणींच्या शोधात आहे. शरीरावर लक्ष दिलं की चित्रं उमटतात, पण ती पुरावा नव्हेत. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५च्या प्रयोगात २४पैकी सुमारे पाव लोकांना लहानपणी दुकानांच्या संकुलात हरवल्याची, न घडलेली घटना थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’ होती. ‘तुमचं शरीर सांगतंय की अमक्यानं हे केलं’ असं म्हणणाऱ्या थेरपिस्टकडे पुन्हा जाऊ नका. घरंच्या घरं मोडतात त्यानं.

पुराव्याचं सांगायचं तर २०१७च्या एका अभ्यासात पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) असलेले ६३ जण होते, १५ साप्ताहिक सत्रं होती आणि फायदा दिसला. पण तुलना प्रतीक्षा यादीतल्या लोकांशी होती, दुसऱ्या उपचाराशी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या शिफारशींत पीटीएसडीसाठी आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करणारा उपचार) आहेत. घटना स्पष्ट आठवत असेल तर आधी त्यांची चौकशी करा.

सुरू करण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी करून घ्या, कारण धडधडीला शारीरिक कारणंही असतात. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. या पद्धतीचं ३ वर्षांचं प्रशिक्षण असतं, पण ते प्रमाणपत्र म्हणजे मानसोपचाराचा परवाना नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा. स्पर्श अनिवार्य नसतो, आणि करायचाच तर दर वेळी परवानगी घेऊन. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

वहीत तीनच गोष्टी लिहा: कुठे झालं, ० ते १०मध्ये किती, शांत व्हायला किती मिनिटं लागली. तिसरा आकडा सगळ्यात कामाचा. आमच्या वहीत दचकणं अजून आहे, पण सावरायला सुरुवातीला ४० मिनिटं लागायची, आता १०च्या आसपास लागतात. पहाटेची जाग आठवड्यात ५ रात्रींवरून १-२वर आली. मान अजून आखडते. ३ महिन्यांत तिसरा आकडा जराही हलला नाही, तर पद्धत किंवा थेरपिस्ट बदलायचं बोला.