कडक भाकरीचं पाकीट: घ्यावं कसं, खावं किती, आणि बरं वाटतं ते कशानं

बेळगावच्या बाजारात, शहापूर-वडगावात, निपाणी-चिकोडीकडं कडक भाकरीची चवड आता पाकिटातून मिळते. पाकिटावर कन्नडमध्ये 'जोळद रोट्टी', मागणारा म्हणतो 'कडक भाकरी', माल एकच. ज्वारी पिकते पूर्वेला, अथणी, सौंदत्ती, बैलहोंगलच्या काळ्या रानात. पाकीट मात्र बेळगाव-खानापूरच्या भातखाऊ घरांतही शिरलंय, कारण डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलेला असतो.

वस्तू चांगली आहे, पाचपैकी चार गुण सहज द्यावेत. पण तिला श्रेय दिलं जातं ते चुकीच्या जागी.

आधी खरेदी. चांगल्या भाकरीची पहिली खूण आवाज. मधोमध दाबली की कट्कन तुटली पाहिजे. कडा कुरकुरीत आणि मध्यभाग किंचित वाकतोय, म्हणजे आतली ओल गेलेली नाही. तव्यावर भाजून झाल्यावर मंद आचेवर फडक्यानं दाबत वाळवायची पायरी घाईत उरकली की हे होतं. उन्हाळ्यात अशी भाकरी तरून जाते. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात मात्र चार दिवसांत मधोमध हिरवट-करडे ठिपके धरते. तेवढा भाग मोडून बाकीची खाऊ नये, अख्खी टाकावी. बुरशी दिसते त्यापेक्षा आत जास्त पसरलेली असते.

दुसरी खूण वास आणि चव. तुकडा चावून क्षणभर जिभेवर ठेवा. शेवटाला कडवटपणा आला तर पीठ जुनं. ज्वारीच्या कोंबात तेल असतं, दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि खवट होतं. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरतेही. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नाही, उकळतं पाणी घालून पीठ मळलं की जी उकड येते तिच्यावरच भाकरी उभी राहते. कडेभर भेगा दिसल्या तर एक तर पीठ जुनं, नाही तर पाणी पुरेसं गरम नव्हतं. दोन-चार तपकिरी फोड चालतात, काळे डाग नकोत.

घटकही वाचा. ज्वारी, पाणी, फार तर मीठ. गव्हाचं पीठ किंवा मैदा लिहिला असेल तर ती दुसरी वस्तू झाली, आणि ज्यांना गहू चालतच नाही त्यांच्यासाठी ती धोक्याची. अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक आणि बनवल्याची तारीख दोन्ही हवीत. तारीखच नसलेलं पाकीट कितीही पातळ, पांढरंशुभ्र दिसलं तरी परत ठेवा.

भाव नगावर सांगितला, तरी चवड काट्यावर ठेवायला सांगा. एक भाकरी साधारण 30 ग्रॅम भरली तर ती जवळजवळ सगळं पीठच, कारण पाणी उडून गेलेलं असतं. ज्वारीत 100 ग्रॅमला सुमारे 334 कॅलरी, म्हणजे 30 ग्रॅमच्या एका भाकरीला शंभराच्या आसपास. सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. घरची मऊ भाकरी 60 ग्रॅम पिठाची असते, दोन खाल्ल्या की पोट भरलं म्हणून माणूस थांबतो. कडक भाकरी हलकी लागते, चिवड्यासारखी हात चालतो, आणि चारांच्या सहा कधी झाल्या कळत नाही. चार म्हणजे दोन मऊ भाकऱ्याच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या 2000 कॅलरीच्या ताटात दिवसाचं धान्य 250 ग्रॅम आहे. दुपारी तीन, रात्री तीन कडक भाकऱ्या म्हणजे 180 ग्रॅम; सकाळच्या पोह्यांना 70 उरले. वर भाताची मूद हवी असेल तर एक भाकरी उचलून ठेवा.

आता श्रेयाचं. ज्वारीत चोथा फार म्हणून बरं वाटतं, असं सर्रास सांगितलं जातं. त्याच संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात ज्वारीत 100 ग्रॅमला चोथा साधारण 10 ग्रॅम, न चाळलेल्या कणकेत 11, पांढऱ्या तांदळात 3 हून कमी. म्हणजे भात सोडून भाकरीवर आलेल्याला मोठा फरक आहे, पोळी सोडून आलेल्याला जवळपास नाही. तरीही त्यालाही 'हलकं वाटतंय' असं जाणवू शकतं, आणि ते खोटं नसतं. कडक भाकरी चावायला वेळ लागतो, जेवण सावकाश होतं. ती कोरडी जात नाही, म्हणून ताटात पातळ मटकी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, भरली वांगी, ताक येतं. फरसाण आणि बेकरीचा माल बाजूला पडतो. भाकरी हे निमित्त, बदलतं ते सगळं ताट. त्याच 2024 च्या ताटात भाजी 400 ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम आहेत; भाकरी नुसत्या चटणीशी खाल्ली तर यातलं काहीच पदरात पडत नाही.

चटणीवर जरा थांबायला हवं. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची, तिन्ही उत्तम, पण पाकिटातल्या चटणीचं मीठ मोजा. लेबलवर सोडियम असतं, त्याला अडीचनं गुणलं की मीठ. 100 ग्रॅमला 2000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 5 ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला सांगितलेली मर्यादा तेवढ्यालाच येऊन थांबते. मोठा चमचाभर, 15 ग्रॅम चटणी घेतली तर त्यातून पाऊण ग्रॅम. दोन वेळा दोन-दोन चमचे आणि वर लोणचं, की रक्तदाबाच्या माणसाचा भाकरीतून झालेला फायदा चटणीत गेला.

बरं वाटतंय की नाही, हे वजनकाट्यावर शोधू नका. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाची 26 प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, तिचे पहिले दोन प्रश्न पुरेत: तुमचं जगणं तुम्हाला कसं वाटतं, आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल किती समाधान आहे. उत्तर 1 ते 5, गेले दोन आठवडे डोळ्यांसमोर ठेवून. पाकीट फोडण्याआधी कॅलेंडरवर आकडे लिहा, दोन आठवड्यांनी पुन्हा. शेजारी झोप, पोट साफ होणं, जिना चढताना लागणारा दम, एवढं टिपा. आकडा वाढला तर आनंदच आहे, पण उलटीही बाजू असते: ज्याचं मन ठिकाणावर आहे तोच भाजी निवडायला बसतो. म्हणून ताट सुधारूनही आकडा खाली राहिला, तर भाकऱ्या वाढवून उपयोग नाही. झोप, दुखणं किंवा उदासपणाबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं.

भातावरून एकदम दोन्ही वेळ भाकरीवर जाऊ नये. पोट फुगतं, गॅस होतो, आणि लोक चौथ्या दिवशी भाकरीला नावं ठेवून सोडून देतात. पहिला आठवडा एकच वेळ, पाणी वाढवून, उसळ नीट भिजवून आणि शिजवून. जेवणावर लगेच चहा नको, ज्वारीतलं लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, नाहीतर साखर एकदम उतरू शकते. कवळी असलेल्यांनी भाकरीवर पाण्याचा हात फिरवून ओल्या फडक्यात पाच मिनिटं गुंडाळावी, मऊ होते. आमटीत कुस्करली तरी उत्तम.

फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओल्या हातानं भाकरी काढू नका. मऊ पडली तर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून, पूर्ण गार झाल्यावरच परत डब्यात. गरम ठेवली तर झाकणाला वाफ धरते आणि सगळी चवड सादळते.