मिनी लेथवर लाकडी पेनं: पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही काढल्यावर

लाकडी पेनं करायला छोटा लेथ (लाकूड फिरवून कातायचं मशीन) घ्यायचाय म्हणून चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न मोटरचा असतो. किती वॉटची, किती फेऱ्यांची? माझ्या मिनी लेथवर पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही काढल्यावर माझं मत पक्कं झालंय, की पेनासाठी मोटर दुय्यम आहे. २० मि.मी. जाडीची चौकोनी कांडी कातायला ताकद लागून लागणार किती? हेडस्टॉक (लाकूड फिरवणारा भाग) आणि टेलस्टॉक (ते समोरून धरणारा भाग) यांचे टोकदार सेंटर समोरासमोर आणले की टोकाला टोक भिडतं का, हे आधी बघा. केसभर फरक असला तरी आतल्या नळीसाठी पाडायचं भोक तिरपं जातं, आणि पेनाची भिंत एका बाजूला पातळ राहते. माझ्या मशीनची टोकं जुळतात. सांगलीच्या विश्रामबागेत घरामागच्या शेडमध्ये ते रोज चालतं, ते एवढ्याच गुणावर.

तक्रार एकच, पण मोठी. वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ऐन गणपतीच्या ऑर्डरींच्या वेळी गेला. विक्रेत्याने आधी टोलवाटोलवी केली, मग फोन घेणंच बंद केलं. शेवटी कुपवाडला मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या दादांनी दुसरा बोर्ड जमवून बसवला. पुन्हा घ्यायची वेळ आली, तर पट्टा सरकवून वेग बदलणारं साधं मशीन घेईन. पट्टा आपल्या हाताने बदलता येतो.

सोबत आलेला मँड्रेल, म्हणजे कांडी ओवून लेथवर धरायची सळई, ठीक आहे. नट करकचून आवळला की सळई किंचित वाकते आणि पेन गोल न होता लंबगोल होतं, म्हणून बोटांनी आवळायचं, पान्याने नाही.

किटचं, म्हणजे पेनाच्या तयार धातूच्या भागांच्या संचाचं, जरा सविस्तर सांगते, कारण गिऱ्हाईक टिकतं ते इथे. शिकताना बहुतेक जण ७ मि.मी. पितळी नळीचं स्लिमलाइन किट घेतात. स्वस्त आहे, हात बसायला चांगलं आहे. पण त्यात क्रॉस कंपनीच्या पेनांसारखी रिफिल लागते, आणि ती आपल्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानात सहजी मिळत नाही. शाई संपली की एवढं सुंदर पेन ड्रॉवरमध्ये पडून राहतं, याचं मला फार वाईट वाटतं. पार्कर पद्धतीची रिफिल तालुक्याच्या गावीही मिळते, म्हणून विकायची पेनं मी आता सिएरा नावाच्या किटवरच करते. त्यात नळी एकच, त्यामुळे लाकडाच्या रेषा मधे तुटत नाहीत. मुलामा क्रोमचा घ्या, सोनेरी खिशाला घासून लवकर उडतो.

पॉलिशची नजर मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मिळाली. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर लाखेच्या पॉलिशने तुनाच्या लाकडाला जी झळाळी आणतात, ती बघत उभं राहावं अशी असते. मात्र पेन दिवसभर घामाच्या हातात असतं, आणि लाखेचा थर त्याने मंद पडतो. रोजच्या पेनाला मी सुपरग्लूचे पातळ थर देते, मग बारीक पेपरने घोटते. ग्लू कापसावर किंवा सुती चिंधीवर कधीच घेऊ नका. कापूस तापतो, धूरसुद्धा येतो. टिश्यू पेपर वापरा आणि खिडकी उघडी ठेवा. शिसवीची धूळ काहींना चांगलीच बाधते. मास्क हवाच, आणि लेथवर हातमोजे किंवा ओढणी अजिबात नको.

शिसवी सगळे मागतात, पण माझं मन बाभळीवर आहे. बांधावरची बाभूळ आपण जळणात घालतो, आणि तिचा गाभा किती तांबूस, किती घट्ट! भोक पाडताना ती तापून तडकते, म्हणून ड्रिल वरचेवर बाहेर काढून भुसा झाडायचा. तासगावकडचे एक काका आजोबांच्या पाभरीचा तुकडा घेऊन आले होते. वरून काळाठिक्कर, मातीने माखलेला. आधी लोहचुंबक फिरवलं, तर आत खिळ्याचं टोक! तेवढा भाग कापून टाकला. खिळ्याभोवतीचं लाकूड निळसर काळं पडलं होतं, कारण बाभळीतलं टॅनिन लोखंडाला लागलं की असा डाग पडतो. त्या डागाची कड मी मुद्दाम पेनाच्या टोपणाजवळ ठेवली. काकांनी पेन हातात घेतल्यावर आधी तिथेच अंगठा फिरवला.

अशा ऑर्डरी मला सगळ्यात आवडतात. कुणी वाड्याची तुळई आणतं, कुणी झोपाळ्याची फळी. निरोप समारंभाला गुरुजींना द्यायला शाळेतल्या तोडलेल्या आंब्याची फांदी आणतात. जुनं लाकूड वाळलेलंच असतं, ओल्या फांदीचं तसं नाही. लाकूड आकसतं, आतली पितळी नळी आकसत नाही, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात पेन उभं चिरतं. म्हणून मी कांड्या कापून टोकांना मेण लावते, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते, आणि वजन उतरायचं थांबलं की मगच लेथवर चढवते. आंब्याची ओली फांदी घेऊन कुणी पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमासाठी पेन मागितलं, तर मी ऑर्डर घेत नाही. तोवर वाळलेल्या बाभळीचं पेन घेऊन जा म्हणते, आणि फांदी शेडमध्ये नाव लिहून ठेवून देते.