ईकॅस : मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या टीमने किती विसंबावं?

अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टांचं ऑनलाइन दफ्तर म्हणजे ईकॅस. न्याय खात्याचा ईओआयआर हा विभाग ते चालवतो. वापरायला पैसे लागत नाहीत, आणि ज्या प्रकरणांचं दफ्तर इलेक्ट्रॉनिक आहे तिथे ११ फेब्रुवारी २०२२पासून वकिलांना ते टाळताही येत नाही. त्यामुळे घ्यावं की न घ्यावं हा प्रश्नच नाही. आईवडिलांशिवाय आलेल्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या टीमने, त्यातही टीमप्रमुखाने, त्याच्यावर कुठपर्यंत विसंबायचं एवढंच पाहायचं आहे. कागद दाखल करायला खुशाल विसंबावं. प्रकरणावर लक्ष ठेवायला मात्र मुळीच नाही.

आधी चांगलं. पूर्वी दफ्तर पाहायचं तर कोर्टात वेळ मागून जावं लागे. आता वकीलपत्र स्वीकारलं गेलं की अख्खं दफ्तर पडद्यावर दिसतं. हद्दपारीची मूळ नोटीस, सरकारने लावलेला पुरावा, आधीचे हुकूम सगळं त्यात असतं. मुलांच्या बाबतीत याला जास्तच महत्त्व आहे, कारण नोटिशीत काय लिहिलंय आणि ती कोणाच्या हातात दिली होती हे मूल सांगू शकत नाही. मूल चौदा वर्षांखालचं असेल तर नोटीस ते ज्या मोठ्या माणसाजवळ राहतं त्याच्यावर बजावायची असते. दफ्तर उघडल्यावर सर्वांत आधी बजावणीचा तो रकाना वाचावा. पुढे गैरहजेरीत झालेला हुकूम रद्द करून घ्यायची वेळ आली तर सगळं तिथेच येऊन ठरतं. नोटीसच मिळाली नसेल तर प्रकरण पुन्हा उघडायला मुदत नाही. असाधारण अडचणीचं कारण असेल तर १८० दिवस.

दोन्ही बाजू ईकॅसवर असल्या की सरकारी वकिलाला वेगळी प्रत धाडावी लागत नाही, पोर्टलच ती पोहोचवतं. मात्र जुन्या प्रकरणाचं दफ्तर कागदीच असेल, तर प्रतही हाताने पाठवायची आणि बजावणीचा दाखलाही जोडायचा. नव्या माणसाकडून इथे हमखास चूक होते, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर 'इलेक्ट्रॉनिक' की 'कागदी' हे ठळक लिहून ठेवावं.

आता टीमप्रमुखाची खरी डोकेदुखी. ईकॅस संस्थेला ओळखत नाही, माणसाला ओळखतं. ईओआयआरकडे नोंदणी व्यक्तीची होते, आणि वकीलपत्र, म्हणजे फॉर्म ई-२८, हेही वकिलाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रतिनिधीच्या स्वतःच्या नावावर लागतं. संस्थेच्या नावाने ते दाखल होत नाही. तीन भावंडं असतील तर तीन ए-क्रमांक (इमिग्रेशन खात्याने प्रत्येकाला दिलेला ओळख क्रमांक) आणि तीन ई-२८. परिणाम असा की वकील नोकरी सोडून गेला तरी कोर्टाच्या लेखी तोच वकील राहतो आणि सुनावणीच्या नोटिसा त्याच्याकडेच जातात. वकील बदलायला किंवा बाजूला व्हायला अर्ज करून न्यायाधीशाची परवानगी घ्यावी लागते, आणि नवीन वकिलाला स्वतःचा ई-२८ लावावा लागतो. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांत माणसं टिकत नाहीत, हे उघड गुपित आहे. राजीनामा हातात पडला त्याच दिवशी त्या वकिलाच्या सगळ्या प्रकरणांची यादी काढावी, पुढची तारीख ज्याची सर्वांत जवळ त्याचा अर्ज सर्वांत आधी, आणि शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वी सगळे अर्ज दाखल. निरोप समारंभ नंतर करता येतो.

याच कारणाने 'आधी ई-२८ लावून ठेवू, प्रकरण घ्यायचं की नाही ते मग बघू' हा मोह महाग पडतो. एकदा आत शिरलात की आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नाही. फक्त एखादा अर्ज भरून द्यायला मदत करायची असेल तर नोव्हेंबर २०२२पासून वेगळी वाट आहे. ई-६१ हा फॉर्म लावून 'हा कागद तयार करायला मी मदत केली' एवढंच जाहीर करायचं, पूर्ण वकीलपत्र न घेता. मनुष्यबळ तुटपुंजं असेल तर ही सोय जरूर वापरावी. मात्र त्या कागदापलीकडे मूल पुन्हा एकटंच उभं राहणार, हे त्याच्या घरच्यांना त्यांच्या भाषेत स्पष्ट सांगणं तुमच्याकडे लागलं.

पत्त्याचा घोळ दुसरा. मूल टेक्ससमधल्या सरकारी निवाऱ्यातून न्यू जर्सीतल्या मावशीकडे गेलं, की नवा पत्ता पाच दिवसांत ई-३३ फॉर्मवर कळवायचा. हे काम ईकॅसवरून पटकन होतं, आणि पटकन होतं म्हणूनच माणसं फसतात. पत्ता बदलला म्हणजे कोर्ट बदललं असं नाही. कोर्ट बदलण्यासाठी वेगळा अर्ज लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत जुन्या कोर्टातली तारीख कायम राहते. मूल त्या दिवशी तिथे नसेल तर गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. नियम असा करून टाकावा की दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीतला ई-३३ एकटा कधीच दाखल होणार नाही, सोबत कोर्टबदलीचा अर्ज हवाच.

पण सगळ्यात मोठी उणीव दोषाची नाही, आवाक्याची आहे. मुलाचं प्रकरण एकाच वेळी तीन दारांत चालतं आणि ईकॅसला त्यातलं एकच दिसतं. २००८च्या टीव्हीपीआरए या मानवी तस्करीविरोधी कायद्याने आईवडिलांशिवाय आलेल्या मुलाचा आश्रयाचा अर्ज पहिल्यांदा यूएससीआयएस या इमिग्रेशनचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे जातो, कोर्टाकडे नाही. तिथे वकीलपत्रही निराळं, जी-२८. विशेष इमिग्रंट बालकाचा दर्जा (छळ झालेल्या किंवा टाकून दिलेल्या मुलांसाठी कायम राहण्याची वाट) हवा असेल तर त्याआधी राज्याच्या कोर्टातून हुकूम आणावा लागतो, आणि त्यात तीन निष्कर्ष असावे लागतात. मूल त्या कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या कोणाच्या ताब्यात आहे. छळ, हेळसांड किंवा टाकून देणं यांमुळे आई किंवा वडील, निदान एकाकडे तरी परत जाणं शक्य नाही. आणि मायदेशी पाठवणं त्याच्या हिताचं नाही. 'हेळसांड झाली' एवढं लिहून न्यायाधीशाने सही केली आणि राज्याच्या कायद्याचं कलम किंवा वस्तुस्थिती दिलीच नाही, तर आय-३६०वर, म्हणजे या दर्जासाठी यूएससीआयएसकडे करायच्या अर्जावर, पुढे शंका निघतात. मसुदा तुम्हीच लिहून न्या.

हा आय-३६० मूल एकवीस वर्षांचं होण्याआधी पोहोचला पाहिजे. पण बऱ्याच राज्यांत कोर्टाचा अधिकार अठराव्या वाढदिवसालाच संपतो. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क इथे पालकत्वाची प्रकरणं एकविसापर्यंत चालतात, शेजारच्या राज्यांत तसं असेलच असं नाही. यातली एकही मुदत ईकॅसच्या सुनावणी-कॅलेंडरवर उमटत नाही. ते कॅलेंडर भरगच्च दिसतं आणि खोटा दिलासा देतं.

म्हणून टीमचा स्वतःचा तक्ता हवाच, साधी स्प्रेडशीटही पुरते. त्यात जन्मतारीख, अठरावा आणि एकविसावा वाढदिवस, राज्य, राज्याच्या कोर्टातली पुढची तारीख, आय-३६० दाखल झाल्याची तारीख (व्हिसाच्या रांगेतला नंबर तिच्यावरून लागतो), इमिग्रेशन कोर्टातली पुढची तारीख आणि ती शेवटची कधी पडताळली तो दिवस. तक्ता वकिलाच्या नावाने नाही, वाढदिवसाच्या क्रमाने लावा. साडेसतरा वर्षांचं मूल यादीत वर दिसलं पाहिजे, त्याची सुनावणी दोन वर्षांनी असली तरी.

पडताळणीसाठी ईओआयआरचंच दुसरं, सार्वजनिक पान आहे, प्रकरणाची स्थिती दाखवणारं. ए-क्रमांक आणि राष्ट्रीयत्व टाकलं की पुढची तारीख आणि कोर्ट दिसतं, लॉगिन लागत नाही. हे काम पॅरालीगलला, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाला, नेमून द्यावं, आठवड्यातून एकदा सगळी यादी. तारखा पुढेच जातात असं नाही, अलीकडेही सरकतात, आणि टपालाची नोटीस उशिरा येते.

कागद चढवण्याबद्दल थोडं. एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे. मोबाइलवर काढलेले जन्मदाखल्याचे फोटो तसेच जोडले की फाइल फुगते आणि अक्षरंही लागत नाहीत. ३०० डीपीआयवर काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करा, पानांना सलग क्रमांक घाला, अनुक्रमणिका लावा. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर आणि भाषांतरकाराचा सहीचा दाखला हवा. भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, हे दोन्ही त्यात असावं. शिक्के आणि समासातली हाताने लिहिलेली ओळ भाषांतरात सुटतात, नेमकी तीच सरकारी वकील वाचतो. मूळ कागद जपून ठेवा, न्यायाधीश मागू शकतात.

पोर्टल बंद पडलं तर? बंद ठेवण्याची सूचना आधी दिलेली असेल तर मुदत वाढत नाही. अचानक आणि नेमकं शेवटच्या दिवशी बंद पडलं, तर ते पुन्हा चालू होईल त्या पहिल्या कामकाजी दिवसापर्यंत मुदत मिळते. पडद्यावरच्या त्रुटीचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

गुण द्यायचेच तर दाखल करण्याला पाचपैकी साडेचार, दफ्तर पाहण्याला चार, संस्थेसाठीच्या सोयींना दीड. एकट्या वकिलाला हे पोर्टल पुरेसं वाटेल. दहा वकिलांच्या टीमला वकीलबदलाची पद्धत आणि वाढदिवसांचा तक्ता हे दोन्ही आधी तयार असले पाहिजेत, लॉगिन नंतर.