‘दमास्कस’च्या पट्टीत माझे पाच रविवार गेले: हाताने सुरी करणाऱ्यांनी जरूर वाचा

आईच्या हातात गेली सव्वीस वर्षं एकच सुरी आहे. आमच्या गावच्या लोहारमामांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलेली, बाभळीच्या मुठीची. धार लावून लावून तिचं पातं आता बोटाएवढं उरलंय. दिवाळीत आईला सत्तर पूर्ण होणार होती, म्हणून नवी सुरी मी माझ्या हाताने करून द्यायची ठरवली. मी कोल्हापुरात एका वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे आणि सहा-सात वर्षांपासून रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या करतो. म्हणजे अगदी नवखा नाही. तरीही फसलो, आणि कसा फसलो ते सविस्तर लिहितोय, कारण ज्याने फसवलं त्याला हे काम चांगलं ठाऊक होतं.

नेहमी मी पाट्याचंच पोलाद वापरतो. या वेळी आईसाठी काहीतरी देखणं करावं असं मनात आलं आणि मोबाईलवर एकाची ‘दमास्कस’ची पट्टी दिसली. २५० मिलिमीटर लांब, ४० रुंद, ४ जाड. पाण्यावर तरंग उठावेत तशी नक्षी. ‘हाताने घडवलेली, २५६ थर’, किंमत ३,८०० रुपये. सोबत मुठीसाठी ‘जुन्या वाड्याच्या तुळईतली शिसवी’ म्हणून फळ्यांची जोडी, ९०० रुपये. फोनवर माणूस अतिशय गोड बोलला. दर वाक्याला दादा. बिल मागितलं तर म्हणाला, “घरगुती काम आहे दादा, बिल कुठून देऊ?” मला ते खरंच वाटलं. हाताने काम करणाऱ्या माणसाकडे बिलबुक नसतं, हे मी आयुष्यभर बघत आलोय. पूर्ण ४,७०० रुपये यूपीआयने आधीच पाठवले.

मूठ सांबरशिंगाची हवी का, असंही त्याने विचारलं होतं. त्याला मी नाही म्हणालो. सांबराचं शिंग गळून जंगलात पडलेलं असलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. असा माल उघडपणे देऊ करणाऱ्याशी तिथल्या तिथे व्यवहार थांबवायला हवा होता. मी फक्त शिंग नाकारलं आणि पट्टी घेतली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आज दमास्कस म्हणून जे विकलं जातं त्यात दोन जातींच्या पोलादाचे थर भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केलेले असतात. बहुतेक वेळा १०९५ आणि १५एन२०. दुसऱ्यात साधारण दोन टक्के निकेल असतं. तयार पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की साधा थर काळा पडतो, निकेलवाला चकाकत राहतो, आणि नक्षी उठते. आपल्याकडून पूर्वी बाहेरदेशी जाणारं वूट्झ पोलाद ही निराळी गोष्ट. ते मुशीत वितळवून केलेलं असायचं आणि त्याची नक्षी त्या पोलादाच्या पोटातूनच यायची. हा माणूस दोन्ही एकच म्हणून सांगत होता. मला फरक माहीत होता, तरी मी बोललो नाही. वाटलं, कारागीर माणूस आहे, पुस्तकी बोलणं त्याला कशाला सुनवा.

पट्टी आली. तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, सुंदर दिसत होती. पहिल्या रविवारी आकार कापला, दुसऱ्या रविवारी कानशीने पात्याचा धारेकडचा उतार काढायला बसलो. मी उतार हातानेच काढतो. पट्टी फळीला आवळायची, कानस दोन्ही हातांनी धरायची, पुढे रेटायची, उचलून मागे आणायची. दीड-दोन तासांनी दंड भरून येतात, पण पातं हळूहळू बोटांखाली निमुळतं होत जातं, त्यासारखं सुख नाही. या वेळी कानस लोण्यातून गेल्यासारखी जात होती. मुठीच्या पिनांची भोकंही ड्रिलने बघता बघता पाडली. आणि कानस फिरली तिथली नक्षी साफ गेली.

मी लगेच फोन केला. “दादा, कानशीने नक्षी जातेच. शेवटी ॲसिडमध्ये टाका, परत उठेल.” हे बरोबर आहे. खऱ्या दमास्कसचंही असंच होतं. “आणि मऊ लागतंय म्हणता, तर पट्टी नरम करूनच पाठवलीय, पाणी दिल्यावर कडक होईल.” हेही बरोबर. पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून झटकन थंड करणं, त्याने ते कडक होतं. मी निश्चिंत झालो.

चौथ्या रविवारी पाणी दिलं. भट्टीत लाल केलं, चुंबक चिकटेनासं झालं म्हणजे ७७० अंश गाठले, तिथून थोडं वर चढवलं आणि कोमट शेंगतेलात बुडवलं. पाणी नीट बसलं असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. माझी कानस रुतली. पुन्हा तापवलं, पुन्हा बुडवलं. तिसऱ्यांदाही तेच. फोन केला तर म्हणाला, “वरची कातडी तापून मऊ पडते दादा, आत कडक आहे.” भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो, ही गोष्टही खरीच. फेरिकमध्ये टाकलं तर नुसता राखाडी रंग आला, तरंग एकही नाही. त्यावर उत्तर आलं, “पाणी बरोबर बसलं नाही की नक्षी फिकी येते. तुमची भट्टी कमी तापतेय.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वर्षं करतोय आणि साधं पाणी देता येईना, असं वाटत राहिलं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागलं ते हेच. खोटं सरळ खोटं असतं तर मी पकडलं असतं. या माणसाने प्रत्येक वेळी आपल्या कामातलीच एखादी खरी गोष्ट माझ्यापुढे ठेवली आणि दोष माझ्या हातावर ढकलला.

दिवाळी तोंडावर आली होती. नक्षी नसली तर नसो, पोलाद तर चांगलं आहे, अशी समजूत घालून मी मुठीला लागलो. आईच्या उजव्या अंगठ्याचं पेर संधिवाताने सुजलेलं असतं. तिला कणकेचा गोळा दिला आणि सुरी धरतेस तसा दाब म्हणालो. तो गोळा वाळवला, समोर ठेवला आणि त्या खळग्यांप्रमाणे मूठ घडवली. पाच मिलिमीटरच्या पितळी पिना घातल्या, इपॉक्सी लावून चोवीस तास आवळून ठेवली. मग आधी लाकडाची कानस, त्यानंतर १२० चा पॉलिश पेपर, २२०, ४००, ६००. मध्ये ओला फडका फिरवून लाकडाचे रोम उभे करायचे, वाळले की पुन्हा घासायचं. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन हात. घासताना मुठीच्या पोटात फिकट पट्टे दिसले तेव्हा विचारलंच. “शिसवीत पांढरी शीर असतेच दादा.” असते की! झाडाच्या बाहेरच्या अंगाचं लाकूड पांढरट असतंच.

पाडव्याला आईला सुरी दिली. तिने मूठ धरली, अंगठा बरोबर खळग्यात बसला, तिचे डोळे भरून आले. चार दिवसांत धार गेली. दोन कांदे आणि एक नारळाची भकल, एवढ्याने धार एका बाजूला वळली, नखाला लागत होती. मी लावून द्यायचो, ती पुन्हा वळायची. आई काही बोलली नाही, गुपचूप जुनी सुरी काढून वापरू लागली. मग एके दिवशी नवीन सुरी धुऊन तिने तसंच भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि पिठावर तपकिरी बोटं उमटली. मुठीचा रंग होता. कोणता रंग, कशाचा, देव जाणे. तो माझ्या आईच्या पोटात जाणार होता.

सुरी घेऊन तडक गावी मामांकडे गेलो. त्यांनी पातं हातात घेतलं, नखाने टिचकी मारून कानाशी नेलं आणि विचारलं, “कापताना उरल्याला तुकडा कुठाय?” तुकडा माझ्या हत्यारांच्या डब्यातच होता. पहिल्या रविवारपासून तिथेच पडून होता.

मामांनी आधी आमच्या नेहमीच्या पाट्याचा तुकडा ग्राइंडरला लावला. ठिणग्या फुटत होत्या, एकेका रेघेच्या टोकाला फुलबाजीसारखी फुलं. मग माझा तुकडा लावला. लांब, सरळ, पिवळ्या रेघा. फूल क्वचित. “ह्यात कार्बनच न्हाई लेका. खिडकीच्या गजाचं लोखंड हाय हे.” मग दोन्ही तुकडे लाल करून बुडवले, व्हाइसमध्ये धरले आणि हातोडा मारला. पाट्याचा तुकडा काच फुटावी तसा तुटला, आत बारीक राखाडी रवा, म्हणजे पाणी नीट बसलं होतं. माझा तुकडा नालासारखा वाकला.

अशा साध्या लोखंडात, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, कार्बन पाव टक्क्याच्या आतच असतो आणि धार टिकायला साधारण ०.६ टक्के तरी लागतो. कितीही चांगली भट्टी असली तरी या लोखंडाला पाणी चढणारच नव्हतं. नक्षी वरून लेप लावून ॲसिडने कोरलेली होती. पट्टीची कड घासून बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं. खऱ्या थरांच्या रेघा कडेवरही दिसतात, माझ्या पट्टीची कड कोरी होती. शिसवीचा उरलेला तुकडा उभा चिरला. बाहेर गडद, मध्ये फिक्कट, मुरवलेला रंग. इथे एक सांगतो, स्पिरिटचा बोळा फिरवून शिसवी ओळखायला जाऊ नका. खऱ्या शिसवीचाही रंग स्पिरिटला उतरतो. तुकडा चिरूनच बघा.

विक्रेत्याला ठिणग्यांचा व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत नंबर ब्लॉक झाला, खातंही गायब. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० ला, तक्रार केली, पण पैसे पाठवून दोन महिने उलटले होते. फसवणूक कळताच काही तासांत फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली आहे. बिल नाही, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही, हाताशी फक्त यूपीआयची पावती. पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही कुठूनही पट्टी मागवा, आधी करंगळीएवढा कोपरा कापा. ठिणगी बघा, पाणी द्या, मोडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. चुंबकावर विसंबू नका. माइल्ड स्टील आणि पोलाद दोन्ही त्याला चिकटतात आणि लाल झाल्यावर दोन्ही सोडतात. आणि विकणारा “तुमची भट्टी कमी तापतेय” म्हणाला, तर त्याच भट्टीत ओळखीच्या पोलादाचा तुकडा टाकून बघा, मगच आपल्या हाताला दोष द्या.

येताना मामांनी पाट्याचा एक हात लांब तुकडा आणि बाभळीचा जुना दांडा दिला. आता पात्याचा उतार काढून झालाय. कोपरा मोडून बघितला, रवा बारीक आहे. वाळलेला कणकेचा गोळा मी टाकला नव्हता, रविवारी मुठीला हात घालतोय.