स्प्राउट मेकर, बरणी की फडकं? साताऱ्यात तिन्ही ऋतूंत कच्चे मोड खाल्ल्यानंतरचा अनुभव

स्प्राउट मेकर, म्हणजे मोड आणायचा डबा, घेऊ का, असं आमच्या शाहूपुरीत मला आता बऱ्याच जणी विचारतात. उसळीपुरते मोड आणायचे असतील तर घेऊ नका, घरातलं सुती फडकं पुरतं. रोज सकाळी मोड कच्चे खायचे असतील तर मात्र थोडं वाचून मग घ्या, कारण ऋतू बदलला की डबा वेगळाच वागतो. मी दिवाळीनंतर सुरुवात केली. थंडी, उन्हाळा, पावसाळा तिन्ही कच्च्या मोडांवर काढले आणि आता गौरी-गणपतीच्या तोंडावर हे लिहितेय.

आमच्याकडे फक्त सकाळचा नाश्ता कच्चा असतो. मोड, काकडी, गाजर, मूठभर डाळिंबाचे दाणे, थोडं ओलं खोबरं, वरून भरपूर लिंबू. दुपारी आणि रात्री नेहमीसारखी भाकरी-भाजी. पूर्ण कच्च्या आहारावर राहणाऱ्यांना हा अर्धवट प्रकार वाटेल, पण घरात सासूबाई आहेत, शाळेत जाणारी मुलं आहेत, आणि मला स्वतःलाही गरम भाकरी सोडायची नाही.

आधी डब्याबद्दल. माझा तीन मजली पारदर्शक प्लॅस्टिकचा आहे. प्रत्येक ताटलीला एका बाजूला उंचवटा असतो आणि त्यावर छोटी टोपी बसते. वरच्या ताटलीत पाणी ओतलं की ते त्या टोपीखालून ओढलं जाऊन खालच्या मजल्यावर उतरतं, तिथून त्याच्या खाली, आणि शेवटी तळाच्या भांड्यात जमतं. गंमत अशी की सगळं पाणी कधीच जात नाही. ताटलीत पातळसा थर मागे राहतो, आणि तो राहावा अशीच रचना आहे, म्हणजे दाणे सुकत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात या थराचा खरंच उपयोग झाला. बाहेर रखरखीत ऊन असताना फडक्यातली मटकी दुपारपर्यंत कोरडी पडायची, डब्यातली टवटवीत राहायची.

पावसाळ्यात तोच थर त्रास द्यायला लागला. जुलैत आमच्याकडे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे डब्यातलं पाणी कुठे जाणार? सकाळी झाकण उघडलं की मुगाच्या सुटलेल्या हिरव्या साली टोपीभोवती गोळा झालेल्या असायच्या, त्यांच्यामागे पाणी तुंबलेलं, आणि त्या कोपऱ्यातले दाणे बुळबुळीत. बोटांत धरले तर बारीक तार सुटायची. मधल्या भागातले मूग अगदी छान, पण त्या कोपऱ्याचा आंबूस वास सगळ्या ताटलीला लागलेला. अशी ताटली मी सरळ कुंडीत रिकामी करते. आंबलेला भाग काढून उरलेलं शिजवून घ्यावं असं काही जणी म्हणतात. मला ते पटत नाही.

म्हणून उरलेल्या पावसाळ्यासाठी मी काचेच्या बरणीवर आले. रुंद तोंडाची लोणच्याची बरणी, तोंडाला धुतलेलं मलमलचं कापड, त्यावर रबरबँड. धुवायचं, पाणी पूर्ण काढायचं, आणि बरणी भांड्यांच्या जाळीवर तिरकी उपडी ठेवायची. तोंड खाली असल्यामुळे पाणी साचत नाही, तिरकी असल्यामुळे हवा खेळती राहते. बरणी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, मोड फुलायला जागा लागते. एक वाटी मटकीचे अडीच-तीन वाट्या मोड होतात. मूग, मसूर, गहू आणि मेथीला बरणीसारखं दुसरं काही नाही असं माझं आता ठाम मत झालंय. काच उकळत्या पाण्याने धुता येते, प्लॅस्टिकच्या त्या टोप्यांना तसं करायला भीती वाटते.

थंडीत फडकंच. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा गारवा चांगलाच असतो आणि उन्हाळ्यात एका रात्री-दिवसात येणारे मटकीचे मोड दीड-दोन दिवस घेतात. भिजलेली मटकी निथळून सुती फडक्यात सैलसर बांधायची, रोवळीत ठेवायची, वर जाड ताटली, आणि गॅसच्या शेगडीजवळ. सासूबाई हे आयुष्यभर असंच करत आल्यात. त्यांचं एकच म्हणणं होतं, "अगं, गाठ आवळू नकोस, दाण्याला श्वास घ्यायला जागा ठेव." आवळून बांधलं की मधले दाणे तापतात आणि वास धरतात. अंकुरणारं बी श्वसन करतं आणि त्यातून उष्णता निघते, त्यामुळे मोठं गाठोडं हाताला चक्क कोमट लागतं.

आता धान्यांकडे. मटकी मी राजवाड्याजवळच्या बाजारातून माण-खटावकडची मागून घेते. दाणा बारीक असतो पण एकसारखा रुजतो. तरी गणंग निघतातच. शिजवताना ते दुर्लक्षून चालतं, कच्चं खाताना दाताखाली आले तर दाढ दुखावते. त्यामुळे भिजवल्यानंतर, बांधण्याआधी, परातीत पसरून न फुगलेले दाणे वेचायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही. मुगातही हेच.

अख्खा मसूर ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लवकर रुजतो, चवीला किंचित तिखटसर, साल जाड नाही. हरभऱ्याचा कच्चा वास घरात कुणालाच सहन झाला नाही आणि पोट गच्च झाल्यासारखं वाटायचं. आता तो वाफवूनच. मोड आल्यावर कडधान्यातल्या पोट फुगवणाऱ्या शर्करा कमी होतात हे खरं, पण कमी होतात, संपत नाहीत. हुलगा (कुळीथ) कच्चा खायच्या भानगडीत पडू नका. तुरट, कडक, वेळखाऊ. त्याचं माडगं करावं, तिथेच तो शोभतो. मेथीचे मोड चमचाभरच, पण कोशिंबिरीला त्यांच्यामुळे वेगळीच धार येते.

गव्हाचं सगळ्यांना नवल वाटतं. लोकवन गहू रात्रभर भिजवून बरणीत ठेवला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पांढरी टोकं दिसतात. मोड दाण्याएवढाच झाला की खायचा. त्यात दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागलेली असते, त्यामुळे चावताना गोडसर लागतो. आणखी वाढू दिला की गवताची चव येते आणि चोथा होतो. गव्हाच्या मुळांभोवती दुसऱ्या दिवशी पांढरी लव दिसते. ती बुरशी समजून पुष्कळ जण फेकून देतात. पाण्याखाली धरा. मुळांची लव ओली होऊन चिकटते आणि दिसेनाशी होते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यादाण्यांमध्ये पसरते, राखाडी पडते आणि कुबट वास मारते. नाचणी डब्याच्या भोकांत अडकते, कच्ची चावताना कचकच लागते. तिचे मोड वाळवून सत्त्वासाठीच ठेवलेत.

काही धान्यं मात्र कच्च्या मोडांसाठी अजिबात नकोत, आणि त्यातली दोन आपल्याच जिल्ह्यात घरोघरी असतात. पहिला घेवडा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, आमटी तर विचारू नका. पण तो राजमाच्या जातीचा. त्यात फायटोहिमाग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो आणि तो मोड आणून जात नाही. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवलेलं पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण शिजवायचा. अर्धवट शिजवणंही धोक्याचं. दुसरी ज्वारी. कोवळ्या ज्वारीत जनावर शिरलं की किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे माणदेशात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामागचं कारण म्हणजे धुरिन नावाचा घटक, ज्यातून सायनाइड सुटतं. कोरड्या दाण्यात ते नगण्य असतं, कोंबात मात्र तयार होतं. 'सगळी धान्यं मोड आणून कच्ची खा' असा सल्ला फिरतो तेव्हा मला या दोघांची काळजी वाटते. पावटा, वाल, सोयाबीन हेही शिजवूनच.

मोड येतात कसे यापेक्षा ते स्वच्छ राहतात कसे, यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा. दाण्याला जो ओलावा आणि ऊब लागते तीच जंतूंनाही लागते. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासपेक्षा जास्त माणसं गेली, आणि तपास मेथीच्या मोडांपर्यंत पोचला. मेथी! आपल्या डब्यातलीच. जंतू बियाण्याबरोबरच आलेले असू शकतात, सालीच्या भेगांत बसतात, आणि नुसत्या धुण्याने पूर्ण निघतील याची खात्री देता येत नाही. म्हणून सासूबाईंना मी कच्चे मोड देत नाही, पूर्ण शिजवलेली उसळ देते. लहान मुलं, गरोदर बाई, नुकतं आजारातून उठलेलं माणूस, यांनाही शिजवूनच द्यावं.

स्वतःसाठी मी हे करते: दाणे निवडून तीन-चार पाण्यांनी चोळून धुणे (घरी साठवताना एरंडेल किंवा बोरिक पावडर लावलेली असेल तर जास्तच), भिजवायला आणि नंतर धुवायला उकळून गार केलेलं पाणी, उन्हाळ्यात दिवसातून तीनदा धुणे, इतर वेळी दोनदा. उन्हाळ्यात भिजवलेल्या पाण्यावर फेस येतो, ते मध्ये एकदा बदलायचं. मोड तयार झाले की फडक्यावर पसरून वरचं पाणी टिपायचं आणि लगेच फ्रीजमध्ये. कच्चे दोन दिवसांच्या आत संपवते. उरले तर तिसऱ्या दिवशी फोडणी.

फायदा काय झाला? सकाळी पोट साफ होतं, अकराच्या सुमाराला बिस्किटांकडे हात जात नाही. एवढं मी छातीठोक सांगेन. वजन, शुगर, केस याबद्दल मी काही दावा करणार नाही. मोडांत प्रथिनं वाढतात असं ऐकू येतं, त्यात गफलत आहे. 100 ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात, लांब मोड आलेल्या 100 ग्रॅम मुगात जेमतेम 3, कारण नव्वद टक्के पाणीच असतं. खरी भर पडते ती क जीवनसत्त्वाची. तेवढ्याच मोडांत ते साधारण 13 मिलिग्रॅम मिळतं. शिवाय लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल भिजवल्याने आणि रुजल्याने कमी होतं, त्यात लिंबू पिळलं की लोह आणखी चांगलं शोषलं जातं. बी 12 मोडांतून मिळत नाही, त्यामुळे दूध-दही सोडून पूर्ण कच्च्यावर जाणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच जावं. गांधीजींनीसुद्धा 1929 मध्ये मोड आलेल्या गव्हासह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि प्रकृती बिघडल्यावर थांबवला.

धान्य घेताना दुकानदाराला 'खायचं' असं स्पष्ट सांगा. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं छान रुजेल म्हणून आणू नका. त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी-लाल रंग दिसतो. जुनं, भुंगा लागलेलं कडधान्य अर्धं रुजतं आणि न रुजलेले दाणेच आधी कुजतात. नवीन दुकानातून किलोभर घेण्याआधी मूठभर आणून बघा.

आणि डबा घ्यायचाच असेल तर टोप्या हाताने काढून पाहा. निघत नसतील तर तो घेऊ नका, आतली घाण कधीच धुता येणार नाही. ताटलीचे कोपरे गोल हवेत. टोप्या वेगळ्या विकत मिळतात का ते विचारा, माझी एक हरवली आणि दुकानदाराने नवीन डबाच घ्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून माझा तीन मजली डबा दोन मजलीच चालू आहे, तोही फक्त उन्हाळ्यात.