पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी : सहा वर्षांनंतरचा अभिप्राय

पुण्यात दोन वर्षं पत्रकारिता शिकले, आता सहा वर्षं सोलापुरात जिल्हा परिषदेची बातमीदारी करतेय. प्रवेश घ्यावा का, असं मुली विचारतात, म्हणून लिहितेय. संस्थेचं नाव देत नाही.

फी वसूल झाली ती माहिती अधिकाराच्या तासांना. सरांनी २००५ चा कायदा नुसता वाचून दाखवला नाही, प्रत्येकाला खरा अर्ज करायला लावला. जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. माझ्या मसुद्यात ‘रस्त्याचं काम का रखडलं?’ असा प्रश्न होता. सरांनी त्यावर लाल शाईनं काट मारली आणि समासात लिहिलं, ‘कारण विचारू नकोस, कागद माग.’ मग मी कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि बिलांच्या प्रती मागितल्या. तिसाव्या दिवशी उत्तर आलं. आजही माझा प्रत्येक अर्ज त्याच पद्धतीनं जातो.

इतिहासाच्या पेपरला ‘दर्पण’ची तारीख, ६ जानेवारी १८३२, पाठ करून घेतली, त्या अंकांची भाषा मात्र कुणी वाचून दाखवली नाही, याची खंत वाटते. एफआयआर कसा वाचायचा, हेही वर्गात कधी आलं नाही. ते मला पोलीस ठाण्यातल्या एका हवालदार मावशींनी शिकवलं.

प्रवेशाआधी एकच विचारा: इथं विद्यार्थ्यांना बातमीसाठी बाहेर पाठवतात का?